पाळी आणि मॅग्नेशियम: प्रश्न मोजण्याचा

पाळी येण्याआधीच्या आठवड्यातली चिडचिड, सूज, डोकेदुखी हा स्वभावदोष नव्हे, तपासण्याजोगा त्रास आहे, असं 1931 साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी मांडलं. साधारण त्याच सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून मॅग्नेशियमशिवाय शरीर चालत नाही हे सिद्ध होत होतं. दोन्ही धागे एकत्र यायला मात्र जवळपास पन्नास वर्षं लागली.

उशिराचं एक कारण अगदी साधं आहे: मॅग्नेशियम मोजणंच जिकिरीचं होतं. अ‍ॅलन वॉल्श यांनी 1955 मध्ये अणुशोषणावर (म्हणजे एखाद्या मूलद्रव्याचे अणू ठरावीक प्रकाश किती शोषतात यावर) आधारलेली मापनपद्धत मांडली, तेव्हा कुठे ते सुकर झालं. तरी खरी अडचण पुढेच होती. प्रौढ शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर मऊ ऊतींत. रक्तद्रवात एक टक्काही नाही, आणि तेवढ्याची पातळी मूत्रपिंडं व हाडं मिळून सांभाळून धरतात. म्हणून रक्ताचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी साठा भरलेला आहे असं म्हणता येत नाही. त्या एका शब्दावर कुणाचा त्रास मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं.

1981 मध्ये गाय अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्याने रक्तद्रवाऐवजी रक्तातल्या तांबड्या पेशींत डोकावून पाहिलं. पाळीपूर्व त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये तिथलं मॅग्नेशियम कमी निघालं. मग 1991 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 32 स्त्रियांना पाळीचक्राच्या उत्तरार्धात रोज तीनदा 360 मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिलं. मनःस्थितीच्या तक्रारी कमी झाल्या. (हे प्रमाण प्रयोगातलं, देखरेखीखालचं. आपलं आपण घ्यायचं नव्हे.)

सगळं जुळत आलंय असं वाटत असतानाच 1994 च्या अभ्यासाने गुंता वाढवला. पेशींतलं मॅग्नेशियम कमी होतं खरं, पण ते चक्राच्या सगळ्याच टप्प्यांत कमी होतं. मग त्रास ठरावीक दिवसांतच का? 1998 मध्ये एक दुवा मिळाला: रक्तातलं मुक्त, आयनरूप मॅग्नेशियम संप्रेरकांबरोबर हलतं आणि बीजोत्सर्जनाच्या सुमारास व त्यानंतर खाली येतं. पुढे 2006 मध्ये मॅग्नेशियम थेट शिरेतून देऊन पाहिलं, तेव्हा ते औषध नसलेल्या द्रावणापेक्षा सरस ठरलं नाही. इटलीतला प्रयोग काही आठवड्यांचा होता, हा काही तासांचा.