जन्मजात रुबेला सर्वेक्षण

गर्भातच रुबेलाची बाधा झालेली बाळे शोधून त्यांची नोंद ठेवण्याची सार्वजनिक आरोग्य व्यवस्था. रुबेला (जर्मन गोवर) लहान मुलांत सौम्य असतो. बारीक पुरळ, थोडा ताप, संपले. गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला लागण झाली तर मात्र गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकते. हा संबंध सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवला.

भारतात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. मोहीम संपली म्हणून मोजणी थांबवणे घातक ठरते. लसीकरण अर्धवट राहिले तर विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. ज्या मुलींना लहानपणी लागण होऊन गेली असती, त्या प्रतिकारशक्तीविनाच बाळंतपणाच्या वयात येतात. ग्रीसमध्ये लस उपलब्ध होती, पण पुरेशा मुलांना मिळत नव्हती. तिथे १९९३ च्या साथीनंतर २५ बाळे बाधित जन्मली. जपानमध्ये जुन्या धोरणामुळे प्रौढ पुरुष लसीविना राहिले होते. २०१२-१३ च्या साथीत ४५ बाळांना त्याची किंमत मोजावी लागली.

भारतात हे सर्वेक्षण २०१६ पासून निवडक रुग्णालयांत चालते. पुण्याचे केईएम त्यांपैकी एक. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली, हृदयदोष आढळला किंवा ऐकू येत नसल्याचा संशय आला, की रक्तात रुबेलाविरोधी आयजीएम (ताज्या लागणीची खूण असलेली प्रतिपिंडे) तपासतात. महिन्याच्या आतल्या बाळात ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. नवव्या महिन्याच्या डोसनंतर लसीमुळेही आयजीएम दिसते, त्यामुळे नमुना त्याआधी घेतलेला बरा.

खरी गळती बहिरेपणात होते. मोतीबिंदू आईलाही दिसतो. नुसते बहिरेपण बोलायला उशीर झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लक्षात येते आणि तोवर रक्ततपासणीने कारण सिद्ध करणे जवळजवळ अशक्य झालेले असते. नवजातांची श्रवणतपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात झाली पाहिजे, ती याचसाठी.

बाधित बाळाच्या घशातून व लघवीतून वर्षभर किंवा अधिक काळ विषाणू बाहेर पडू शकतो. त्यामुळे निदान झाले की घरातल्या, शेजारच्या आणि वॉर्डातल्या गरोदर स्त्रियांना सावध करणे हाही सर्वेक्षणाचाच भाग असतो.