बुर्ज खलिफा

बुर्ज खलिफा : संयुक्त अरब अमिरातीतील दुबई शहरातली ८२८ मी. उंचीची इमारत. जमिनीवर १६३ मजले. २०१० पासून जगातली सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे आहे. अरबीत ‘बुर्ज’ म्हणजे मनोरा. मराठीतला ‘बुरूज’ हे त्याच शब्दाचे रूप. खोदकाम जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटन झाले. तोवर ती ‘बुर्ज दुबई’ या नावाने ओळखली जात होती. २००९ च्या अखेरीस दुबई कर्जात रुतली असताना शेजारच्या अबू धाबीने १० अब्ज डॉलरची मदत केली होती. उद्घाटनाच्या दिवशीच अबू धाबीचे तेव्हाचे अमीर आणि देशाचे तेव्हाचे अध्यक्ष शेख खलिफा बिन झायेद यांचे नाव इमारतीला देण्यात आले.

प्रकल्प एमार या विकासक कंपनीचा. वास्तुरचना शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेतले अ‍ॅड्रियन स्मिथ यांची, तर संरचनेचा आराखडा त्याच संस्थेतले बिल बेकर यांचा. बांधकाम दक्षिण कोरियाची सॅमसंग सी अँड टी, बेल्जियमची बेसिक्स आणि अमिरातीतली अरबटेक यांनी मिळून केले. खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर.

पाहणाऱ्याची नजर शेंड्याकडे जाते; पण ही इमारत समजून घ्यायची तर सुरुवात जमिनीखालून करावी लागते.

पाया

दुबईच्या वाळूखाली कणखर खडक नाही. जे आहे ते ठिसूळ वालुकाश्म आणि चुनखडीयुक्त गाळाचे थर, नखाने खरवडले तरी चुरा पडावा असे. भर वाळवंटातले शहर असूनही पाणी अगदी वर, दोन-अडीच मीटरवर लागते, आणि ते समुद्राच्या पाण्याहून खारट असते. इमारतीच्या जागेवरील भूजलात क्लोराइडचे प्रमाण ४.५ टक्क्यांपर्यंत आणि सल्फेटचे ०.६ टक्क्यांपर्यंत आढळले. क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोचते आणि तिला गंज चढवते. गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. मुंबईत समुद्राकाठच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबचे पोपडे पडून लाल सळया उघड्या पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा रोग वेगळा सांगायला नको. तिथे निदान तो दिसतो तरी. जमिनीत ५० मी. खोल असलेल्या पाइलला, म्हणजे पायाच्या काँक्रीटच्या खांबाला, तो लागला, तर कळणारही नाही आणि दुरुस्तही करता येणार नाही.

खडक नसल्याने भार पाइलच्या टोकावर न टेकवता त्यांच्या बाजूंच्या घर्षणावर तोलला आहे. मनोऱ्याखाली दीड मीटर व्यासाचे आणि सुमारे ४३ मी. लांबीचे १९० हून अधिक पाइल आहेत. प्रत्येकाची भारक्षमता सुमारे ३,००० टन धरली होती. चाचणीत त्याच्या दुप्पट भार देऊन पाहिला गेला.

पाइल ओतण्याची रीत अशी. आधी भोक पाडायचे. त्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून ते पॉलिमरच्या दाट द्रवाने भरलेले ठेवायचे. मग सळयांचा पिंजरा आत सोडायचा. त्यानंतर ट्रेमी पाइप, म्हणजे काँक्रीट सोडायची लांब नळी, तळापर्यंत नेऊन काँक्रीट खालून वर चढवत आणायचे, म्हणजे हलका द्रव आपोआप वर ढकलला जातो. ट्रेमीचे तोंड सतत ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेले राहिले पाहिजे. पाइप घाईने वर ओढला आणि तोंड बाहेर आले, तर द्रव काँक्रीटमध्ये मिसळतो आणि पाइलच्या मध्येच एक मऊ थर राहून जातो. इतक्या खोलात काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर पोचत नाही, म्हणून आपोआप पसरून पिंजऱ्यात भरणारे काँक्रीट वापरले. ते ६० मेगापास्कल (दाब सोसण्याच्या ताकदीचे एकक) ताकदीचे होते. त्यात २५ टक्के फ्लाय अ‍ॅश (कोळशाची उडती राख) व ७ टक्के सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) होते आणि सिमेंटशी पाण्याचे गुणोत्तर अवघे ०.३२ ठेवले होते. ही बारीक पूड सिमेंटच्या कणांमधल्या फटी बुजवते, त्यामुळे क्षारांना आत शिरायला वाट उरत नाही. इथे फ्लाय अ‍ॅश घातली ती टिकाऊपणासाठी. तिला काटकसर समजणे चूक आहे.

पाइलांवर ३.७ मी. जाडीचा रॅफ्ट, म्हणजे सगळ्या पाइलांना जोडणारा काँक्रीटचा सलग थर, आहे. त्याला १२,५०० घनमीटर काँक्रीट लागले. एवढ्या जाड ठोकळ्यात सिमेंट धरताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते. गाभा तापलेला आणि पृष्ठभाग थंड, अशी तफावत वाढली की तडे जातात, आणि या जमिनीत तडा म्हणजे खाऱ्या पाण्याला उघडे दार. म्हणून रॅफ्टच्या मिश्रणात फ्लाय अ‍ॅश ४० टक्क्यांवर नेली, कारण ती उष्णता सावकाश सोडते. आधी रॅफ्टच्याच जाडीचे, म्हणजे ३.७ मी. बाजूचे ठोकळे ओतून तापमान तपासले. मग रॅफ्ट चार भागांत ओतला : तीन पंख आणि मधला गाभा. प्रत्येक ओतकामाला किमान २४ तास लागले.

सळयांच्या मांडणीतली एक युक्ती इथे सांगायलाच हवी. सळया साधारण ३०० मि.मी. अंतरावर होत्या, पण दोन्ही दिशांना दर दहावी सळई गाळली होती. त्यामुळे जाळ्यात ठरावीक अंतरावर ६०० मि.मी. चौरस मोकळ्या जागा राहिल्या. तिथून माणूस आत उतरू शकत होता आणि काँक्रीटची नळीही. दाट जाळे कागदावर काढणे सोपे असते. त्यात काँक्रीट नीट भरले जाईल की नाही, याचा विचार आराखड्यातच झाला पाहिजे, तो इथे झाला.

याशिवाय जलरोधक पडदा, सळयांवर काँक्रीटचे जास्त जाडीचे आवरण (कव्हर) आणि गंजरोधक रसायने योजली. रॅफ्टखाली टायटॅनियमची जाळीही अंथरली. या जाळीतून सळयांकडे सौम्य एकदिश विद्युतप्रवाह वाहता ठेवला की सळई ऋणाग्र (कॅथोड) बनते आणि गंजण्याची क्रिया दबते. इमारत एकूण ८० मि.मी. खचेल असा अंदाज होता. बांधकामाच्या काळात मोजलेले खचणे त्याहून कमी भरले.

आकार आणि वारा

वरून पाहिले तर इमारत तीन पाकळ्यांची दिसते. मधोमध षटकोनी गाभा, त्यातच लिफ्ट आणि जिने. गाभ्याच्या भिंती तळाशी १.३ मी. जाड असून वर ५०० मि.मी. पर्यंत कमी होत जातात. एकटा गाभा इतक्या उंचीवर पिळवटून गेला असता. म्हणून तीन पंखांतल्या जाड भिंती त्याला तीन बाजूंनी टेकू देतात, आणि गाभा पंखांना पीळ पडू देत नाही. बेकर यांनी ही रचना आधी दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या टॉवर पॅलेस तीन या इमारतीत वापरली होती. दुबईत ती पूर्ण ताकदीने उतरली.

उंच इमारतीला वारा नुसता ढकलत नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून भोवरे सुटतात आणि ते तिला आडवे हलवतात. भोवऱ्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळला की डोलणे वाढत जाते. बुर्ज खलिफाचा एक पूर्ण झोका ११.३ सेकंदांचा आहे. त्यावर उपाय म्हणजे दर काही मजल्यांवर एकेक पंख आत घेतला, तोही चक्राकार क्रमाने. त्यामुळे प्रत्येक उंचीवर इमारतीची रुंदी वेगळी, म्हणून भोवऱ्यांचा ताल वेगळा, आणि सगळे भोवरे एका सुरात येतच नाहीत. कॅनडात ग्वेल्फ इथल्या वातबोगद्यात ४० हून अधिक चाचण्या झाल्या. त्यांतून दिसले, की वारा पंखाच्या टोकावर आला तर नावेच्या नाळेसारखा कापला जातो आणि दोन पंखांच्या खाचेत शिरला तर जास्त त्रास देतो. तेव्हा संपूर्ण इमारतच मूळ दिशेपासून १२० अंशांनी फिरवली. आतून डोलणे कमी करणारे जड लोलक बसवण्याआधी आकार आणि दिशा बदलून पाहणे, हा या इमारतीने घालून दिलेला सर्वांत मोलाचा धडा आहे.

काँक्रीट वर चढवणे

एकूण ३,३०,००० घनमीटर काँक्रीट लागले. वाळवंटात वाळूला काय तोटा, असे वाटेल. पण वाऱ्याने घासून गोल आणि अतिबारीक झालेली टेकाडांची वाळू एकटी काँक्रीटला चालत नाही. आखातातल्या काँक्रीटमध्ये मुख्य वाटा दगड फोडून केलेल्या वाळूचा असतो, टेकाडांची वाळू थोडीच मिसळतात.

उन्हाळ्यात दुबईचा पारा ४० अंशांच्या वर असतो. अशा हवेत काँक्रीट लवकर घट्ट होते आणि पृष्ठभागावरचे पाणी उडून बारीक भेगा पडतात. म्हणून ओतकाम रात्री, हवा थंड आणि दमट असताना केले, आणि मिश्रणातल्या पाण्याचा काही भाग बर्फाच्या रूपात घातला. बर्फ ओतण्यापूर्वी पूर्ण वितळलेला असावा लागतो. खडा राहिला तर तिथे पोकळी होते.

पंपाची चाचणी फेब्रुवारी २००५ मध्येच जमिनीवर घेतली होती : लांबच लांब नळी वळणे देत आडवी मांडली आणि ६०० मी. उंचीइतका रोध निर्माण करून पाहिला. पुढे पुट्झमायस्टर कंपनीच्या पंपांनी काँक्रीट एकाच टप्प्यात ६०० मीटरवर चढवले, तो तेव्हाचा विक्रम. नळीचा व्यास १५० मि.मी. शिगोशीग भरलेल्या नळीत एका वेळी सुमारे ११ घनमीटर, म्हणजे २५ टनांहून अधिक माल लटकलेला असतो. खालून निघालेला माल वर बाहेर पडायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. मध्ये पंप थांबला आणि माल नळीतच धरला, तर ती लाइन गेली. म्हणून एकच मिश्रण सगळीकडे न वापरता उंचीनुसार चार मिश्रणे ठरवली. खालच्या मजल्यांवर ८० मेगापास्कलचे, २० मि.मी. खडीचे, १२७ व्या मजल्यापासून पुढे भार कमी झाल्याने ६० मेगापास्कलचे आणि १० मि.मी. खडीचे, जे पंपाला हलके जाते.

भिंतींचे शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) हायड्रॉलिक जॅकवर आपणच वर सरकणारे होते. सळयांचे पिंजरे जमिनीवर बांधून क्रेनने उचलत. आधी मधला गाभा, मग पंखांच्या भिंती आणि स्लॅब, शेवटी पंखांच्या टोकांचे खांब, असा क्रम. घडी बसल्यावर एक मजला तीन दिवसांत होऊ लागला. ओळंबा मात्र इथे कामाचा नव्हता : उन्हाची बाजू तापून प्रसरण पावते आणि मनोरा दिवसभरात किंचित कलतो. त्यामुळे उपग्रहाधारित मोजणी आणि कलमापक यांचा मेळ घालून प्रत्येक मजल्याची जागा ठरवली. काँक्रीट वर्षानुवर्षे आक्रसते आणि भाराने दबते, म्हणून प्रत्येक मजल्याची उंची मुद्दाम थोडी जास्त ठेवली.

१५६ व्या मजल्यापर्यंत काँक्रीट आणि त्यावर पोलाद. शेवटचा सुळका ४,००० टनांहून अधिक पोलादाचा असून तो इमारतीच्या आत जोडत नेला आणि जॅकने वर ढकलून बाहेर काढला. इतक्या उंचीवर, वाऱ्यात, क्रेनने तो बसवणे धोक्याचे ठरले असते.

काच, पाणी, धूळ

बाहेरचे आवरण काच आणि स्टेनलेस स्टीलचे. उभ्या पट्ट्या ठळक आहेत, आडवे कंगोरे नाहीत, कारण आडव्या कडेवर धूळ साचते. काचेच्या बाहेरच्या तावावरचा धातूचा लेप सूर्याची किरणे परतवतो, तर आतल्या तावावरचा लेप उष्णता रोखतो. काचा धुण्यासाठी इमारतीतच रुळांवर फिरणारे पाळणे आहेत. ३६ कामगारांना एक फेरी पूर्ण करायला तीन ते चार महिने लागतात.

दमट हवा थंड केली की तिच्यातले पाणी निथळते. घरच्या एसीच्या नळीतून ठिबकते तेच हे पाणी. इथे ते वेगळ्या नळांनी तळघरातल्या टाकीत जमा होते. वर्षाला साडेपाच कोटी लिटरच्या आसपास असे पाणी मिळते आणि भोवतालच्या बागेला घातले जाते. शेंड्याजवळची हवा जमिनीपेक्षा सुमारे सहा अंशांनी थंड असते. सूर्यही वरून जास्त वेळ दिसतो : रमजानमध्ये ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, असे दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितले.

कामगार

भर कामाच्या दिवसांत १२,००० माणसे इथे राबत होती. बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथली. गावाकडे कर्ज काढून एजंटला पैसे भरून आलेले, कंपनीच्या व्हिशावर बांधलेले, आणि शहराबाहेरच्या छावण्यांतून बसने ये-जा करणारे. कोकणातल्या अनेक घरांना हे आखाती जिणे पिढ्यांपासून ठाऊक आहे. कुशल सुताराची दिवसाची मजुरी त्या वेळच्या दराने चारशे रुपयांच्या आत होती. मार्च २००६ मध्ये पाळी संपल्यावर बस वेळेत न आल्याने सुमारे अडीच हजार कामगारांचा संताप उसळला, त्यात गाड्या आणि कार्यालयांची मोडतोड झाली. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम अमिरातीत आज आहे. या इमारतीच्या कोणत्याही वर्णनात तिच्या ८२८ मीटरइतकीच ही माणसेही मोजली गेली पाहिजेत.

पुढचा मनोरा

याच तीन पंखांच्या रचनेवर अ‍ॅड्रियन स्मिथ यांनी सौदी अरेबियातल्या जेद्दा टॉवरचा आराखडा केला. उंची १,००० मी. हून अधिक. त्याचे पाइल २७०, खोली १०५ मीटरपर्यंत. काम २०१३ मध्ये सुरू झाले, २०१८ मध्ये थांबले आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. तांबड्या समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात असे काम वर्षानुवर्षे उघडे राहिले, की पुढचा मजला ओतण्यापूर्वी बाहेर राहिलेली प्रत्येक सळई घासून, मोजून पाहावी लागते आणि गंजाने बारीक झालेली असेल तर कापून बदलावी लागते.