युद्धातलं रुग्णालय आणि त्याची माहिती: पार्श्वभूमी

११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर जखमी अनेक रुग्णालयांत विखुरले गेले आणि नातेवाईक याद्या वाचत एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिले. कोण कुठे आहे, खाट कुठे रिकामी आहे, रक्त कुठे मिळेल? मुंबईला हे प्रश्न एका रात्री पडले. युद्ध चालू असलेल्या देशांत ते वर्षानुवर्षं रोज पडतात.

क्रिमियन युद्धात, १८५४ साली, फ्लोरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा मृतांच्या तीन वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या जात होत्या आणि तिन्हींचे आकडे वेगळे. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरताहेत, हे त्यांनी आकड्यांनीच पटवून दिलं आणि सगळ्या रुग्णालयांत एकसारखे तक्ते असावेत, असा आग्रह धरला.

संगणकाचा टप्पा बऱ्याच नंतरचा. वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत जिल्हा पातळीवरची आरोग्य माहिती प्रणाली उभी राहिली. ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने तिची नवी आवृत्ती, डीएचआयएस-२, तयार झाली आणि २००६ मध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली ती आपल्या केरळात. मोबाइलला रेंज नसली तरी नोंद करून ठेवता येते, रेंज आली की ती मुख्य सर्व्हरवर जाते. सोमालिया, दक्षिण सुदानसारख्या देशांत एवढ्या सोयीनेही मोठा फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘हेराम्स’ ही पाहणी सुदानमधल्या दार्फूरमध्ये घडत गेली. तिचे प्रश्न साधे आहेत: इमारत उभी आहे का? वीज, पाणी आहे का? बाळंतपण होतं का? होत नसेल तर कशामुळे, माणसं नाहीत, औषधं नाहीत, की उपकरणं? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. नुसतं ‘रुग्णालय बंद’ कळून ट्रकमध्ये काय भरायचं ते ठरत नाही.

पण हीच माहिती जिवावरही उठू शकते. सीरियात रुग्णालयांचे अक्षांश-रेखांश संयुक्त राष्ट्रांमार्फत लढणाऱ्या पक्षांना कळवले जात, हेतू हा की तिथे बॉम्ब पडू नयेत. तरीही यादीतल्या रुग्णालयांवर हल्ले झाले. आपलं ठिकाण कळवणंच धोक्याचं, असं काही डॉक्टरांना वाटू लागलं आणि त्यांनी ते कळवायला नकार दिला. त्यांना दोष कसा द्यायचा? ३ मे २०१६ रोजी सुरक्षा परिषदेने रुग्णालयांच्या संरक्षणासाठी ठराव २२८६ केला होता, तरी हल्ले थांबले नाहीत. सरचिटणीसांनी २०१९ मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळाचा सारांश एप्रिल २०२० मध्ये आला. तपासलेल्यांपैकी काही हल्ले सीरियन सरकार किंवा त्याच्या मित्रपक्षांनी केल्याची दाट शक्यता त्यात नोंदवली आहे.

पुढे धोका सर्व्हरपर्यंत आला. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. त्यांत युद्धामुळे घरच्यांपासून तुटलेलीही माणसं होती. त्याच वर्षी युक्रेनने कायदे बदलून सरकारी डेटा देशाबाहेरच्या क्लाउडवर ठेवायची वाट मोकळी केली, म्हणजे देशातले सर्व्हर गेले तरी डेटा टिकेल.

युद्ध नसतानाही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि बरेच दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंत कामं हाताने करावी लागली. मुंबईतही केस पेपर संगणकावर जात आहेत. रुग्णालयांच्या आपत्कालीन तालमीत एक फेरी सर्व्हर बंद ठेवून व्हायला हवी आणि डेटाची एक प्रत शहराबाहेर असायला हवी.