बनावट बोली (संग्राह्य कार्डांच्या ऑनलाइन लिलावातील)

वस्तूचा भाव चढावा म्हणून विक्रेत्याने दुसऱ्या नावाने किंवा हस्तकाकरवी, खरेदीचा हेतू नसताना लावलेली बोली. बेसबॉल, पोकेमॉन, मॅजिक : द गॅदरिंग यांसारख्या कार्डांच्या लिलावांत तिला विशेष वाव मिळतो. एकाच छापाच्या दोन कार्डांची किंमत कोपरे, कडा व छपाई यांच्या स्थितीनुसार कित्येक पटींनी बदलते. त्यामुळे योग्य भावाचा अंदाज घेताना ग्राहक इतरांच्या बोलींवर विसंबतो.

अशा हस्तकाला इंग्रजीत ‘शिल’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास हा शब्द अमेरिकेत रूढ झालेला दिसतो. तो ‘शिलाबर’चा संक्षेप असावा, शिलाबरची व्युत्पत्ती मात्र अनिश्चित आहे. प्रथा शब्दाहून जुनी आहे. इंग्लंडात अशा माणसाला ‘पफर’ म्हणत. १७७६ मध्ये बेक्सवेल विरुद्ध क्रिस्टी या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मालकाने गुपचूप बोली लावून घेणे ही फसवणूक ठरवली.

ईबे (स्थापना १९९५) या संकेतस्थळावर बोलीदार आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाची कमाल १०० डॉलर व दुसऱ्याची ६० डॉलर असेल, तर पहिल्याला कार्ड ६१ डॉलरच्या आसपास मिळते. म्हणजे जिंकणारा देतो ती रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर ठरते. या पद्धतीचे जनकत्व बहुधा अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांच्या १९६१ च्या निबंधाला दिले जाते (नोबेल, १९९६). काही अभ्यासक त्याही मागे जर्मन कवी गटेपर्यंत जातात : १७९७ मध्ये त्याने एका काव्याच्या विक्रीसाठी आपली किमान अपेक्षा पाकिटात बंद करून मध्यस्थाकडे दिली होती. तेथे बोली लावणारा प्रकाशक एकच होता, तेव्हा त्याला लिलाव म्हणणे ताणलेले वाटते. मात्र मध्यस्थाने आकडा फोडला आणि प्रकाशकाने नेमके तेवढेच, १,००० थालेर (तेव्हाचे जर्मन चांदीचे नाणे) देऊ केले, हे येथे लक्षणीय आहे. अधिक ग्राह्य वाटते ते अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लकिंग-रायली यांचे मत. संग्राह्य टपाल तिकिटांचे अमेरिकी विक्रेते टपालाने आलेल्या बोलींसाठी ही पद्धत निदान १८९३ पासून वापरत होते, असे त्यांनी २००० मध्ये दाखवले. संग्राहकांच्या व्यवहारातून ती आली, हे कार्डांच्या संदर्भात अधिक जुळतेही. तिची दुर्बलता तेव्हापासूनचीच : दुसरी बोली खरी आहे, यावर जिंकणाऱ्याला विश्वास ठेवावा लागतो. वरील उदाहरणात हस्तकाने ९५ डॉलरची बोली घातली, तर तेच कार्ड ९६ डॉलरला जाते. काही वेळा हस्तक प्रचंड बोली लावून समोरच्याची कमाल रक्कम उघडी पाडतो, बोली मागे घेतो आणि मग त्या रकमेच्या जरा खाली पुन्हा बोली लावतो.

यावर अनुभवी संग्राहकांचा उपाय म्हणजे अखेरच्या काही सेकंदांत एकदाच कमाल बोली लावणे. तोवर हस्तकाला चढवण्यासारखे काही सापडत नाही. अॅल्विन रॉथ व अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात (२००२) ठरलेल्या वेळी संपणाऱ्या ईबेच्या लिलावांत उशिराच्या बोली जास्त आढळल्या. अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे. तेथे त्या कमी होत्या. उशिरा बोली लावण्याला काही जण अखिलाडूपणा मानतात. तो आक्षेप फारसा टिकणारा नाही.

विक्रेत्याच्या बाजूने गुप्त राखीव किंमत (जिच्याखाली तो वस्तू विकणार नाही, पण जी बोलीदारांना दिसत नाही) हा वैध पर्याय आहे. कटकर व वर उल्लेखिलेले रायली यांनी पोकेमॉन कार्डांच्या ५० जोड्या ईबेवर विकायला ठेवून केलेल्या प्रयोगात (२००६) गुप्त राखीव किमतीपेक्षा तेवढीच उघड किमान बोली विक्रेत्याला फायद्याची ठरली.

सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील मास्ट्रो ऑक्शन्स या लिलावसंस्थेचे. टी२०६ या जुन्या बेसबॉल कार्डमालिकेतील होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डाच्या व्यवहाराने प्रसिद्धी पावलेले तिचे प्रमुख बिल मास्ट्रो यांच्यावर २०१२ मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात बनावट बोलींसह फसवणुकीचे आरोप ठेवण्यात आले. त्यांनी २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला; त्या कार्डाची कड कापल्याचेही मान्य केले. २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांचा तुरुंगवास झाला. या प्रकरणाचा खोल घाव पूर्वीच्या विक्रीनोंदींवर बसतो, कारण पुढचे ग्राहक त्याच नोंदींवरून भाव ठरवतात.

भारतात वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने बोलीचा हक्क आधी जाहीर केल्याशिवाय स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा आहे; लटक्या बोलीने भाव चढवला असल्यास खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवता येते.