राक्षसीणच राहिलेली राजकन्या: ‘श्रेक’च्या आधीचं आणि नंतरचं

परीकथेत रूपाचा हिशेब आधीच ठरलेला असतो. गुणी ती सुंदर, दुष्ट तो कुरूप. आणि शाप उतरला की कुरूपही देखणा होतो. २००१ च्या ‘श्रेक’ या ॲनिमेशनपटाने हा शेवट उलटवला. राक्षस असलेल्या श्रेकच्या खऱ्या प्रेमाच्या चुंबनानंतर शापित राजकन्या फियोना राक्षसीणच राहते. त्यामागे ॲनिमेशनमधल्या विडंबनाची जुनी परंपरा आहे, आणि ती सगळीच अभिमानाने सांगावी अशी नाही.

डिस्नेची हिमगौरी १९३७ साली पडद्यावर आली. तिची थट्टा करणारा लघुपट वॉर्नर ब्रदर्ससाठी बॉब क्लॅम्पेट यांनी १९४३ मध्ये केला: ‘कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वॉर्फ्स’. यातली सगळी पात्रं कृष्णवर्णीय. हालचालींत विलक्षण जोम, संगीत अस्सल जॅझच्या वळणाचं, नायिकेला आवाज व्हिव्हियन डँड्रिज या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीचा. चेहरे मात्र वर्णद्वेषी व्यंगचित्रांच्या साच्यातून काढलेले. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने तेव्हाच निषेध केला. पुढे १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने जे ११ लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवणं थांबवलं, त्यांत हाही होता. थट्टा गोष्टीची करायची होती. हसं झालं माणसांचं. परीकथेच्या प्रत्येक विडंबनाला मी हीच कसोटी लावते.

‘श्रेक’चं मूळ विल्यम स्टाइग यांच्या १९९० च्या चित्रपुस्तकात आहे. १९०७ चा जन्म, ‘न्यूयॉर्कर’साठी अनेक दशकं व्यंगचित्रं काढलेला हा माणूस. त्यांच्या पुस्तकात शाप नाही, रूपांतर नाही. कुरूप नायकाला तशीच कुरूप राजकन्या भेटते आणि दोघं खूश होतात. शापाची गाठ चित्रपटाने घातली.

जेफ्री कॅट्झनबर्ग १९९४ मध्ये डिस्नेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्पीलबर्ग व गेफन यांच्यासोबत ड्रीमवर्क्स ही ‘श्रेक’ बनवणारी कंपनी उभी केली. त्यामुळे चित्रपटातल्या खलनायक लॉर्ड फारक्वाडचं चकाचक राज्य डुलॉक म्हणजे डिस्नेच्या मनोरंजननगरीला काढलेला चिमटा, असं पुष्कळांनी म्हटलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते विस्थापनाचं चित्र. ‘आदर्श’ राज्यात नकोत म्हणून परीकथेतल्या जीवांना पकडलं जातं, पैसे घेऊन माणसं त्यांना शिपायांच्या हवाली करतात, आणि शेवटी त्यांना आणून टाकलं जातं ते श्रेकच्या दलदलीत. म्हणजे जो आधीच गावकुसाबाहेर होता, त्याच्याच दारात. मुलांच्या चित्रपटात हाकलून देण्याची व्यवस्था इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

पण त्याच कसोटीवर ‘श्रेक’ पुरता उतरत नाही. रूपावरून माणूस जोखू नका म्हणणारा हा चित्रपट फारक्वाडच्या बुटकेपणावर वारंवार विनोद करतो. त्याच्या क्रूरपणाचा उंचीशी काय संबंध? कृष्णवर्णीय अभिनेते एडी मर्फी यांनी आपल्या आवाजाने श्रेकसोबतच्या गाढवात जीव ओतला, तरी त्या आवाजाच्या वाट्याला आलं ते बडबड्या सोबत्याचंच काम. तिथे १९४३ फार दूर गेलेलं नाही.

फियोनाच्या बाबतीतही एक गोष्ट राहून गेली होती. २००१ मध्ये तिचं रूप मंत्राने ठरवलं, तिने नाही. २००४ च्या दुसऱ्या भागात जादुई औषधाने दोघं देखणी माणसं होतात. मध्यरात्रीच्या आत चुंबन घेतलं तर ते रूप कायमचं टिकणार असतं. श्रेक तयार असतो. नको म्हणते ती फियोना.