कुरुंद आणि कार्बोरंडम: धारेचे दोन दगड, एकाच नावानं मागितलेले

बेळगावात हार्डवेअरच्या दुकानात "कुरुंदाचा दगड द्या" म्हटलं, की बहुतेक वेळा काळपट, दोन बाजूंचा दगड पुढं येतो. कानडीत साणेकल्लू म्हणून मागितला तरी तोच. हा दगड कुरुंद नव्हे, कार्बोरंडम. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक आणि नीलम ही त्याच खनिजाची रूपं. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून केलेला. या घोळाचा दोष दुकानदाराला देऊन उपयोग नाही, कारण घोळ नावातच आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनला हे स्फटिक मिळाले, तेव्हा ते कार्बन आणि कुरुंद यांच्या संयोगातून झालेत असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं दोन्ही नावं जोडली. समज चुकीचा ठरला, नाव मात्र चिकटलं.

कार्बोरंडमचा कण जास्त कडक, पण ठिसूळ. दाब पडला की तो तुटतो आणि नवी टोकदार कड वर येते. म्हणून तो पोलाद भराभर खातो, पण ओरखडेही खोल पाडतो. कुरुंदाचा कण चिवट. तो सहसा तुटत नाही, हळूहळू गोल होत जातो. कापतो सावकाश, पण मागं राहणारी धार नितळ असते. हल्ली हा कण खाणीतून क्वचितच येतो. पांढऱ्या दगडातला कण ॲल्युमिना वितळवून करतात; बेळगावच्या हिंडाल्कोत बॉक्साइटपासून निघतो तोच पदार्थ.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम केलेली माणसं छातीठोक सांगतात, "सिलिकॉन कार्बाइड ओतीव लोखंडाला, पोलादाला ॲल्युमिनियम ऑक्साइड." ग्राइंडरच्या चाकापुरतं ते अगदी खरं. चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं, ठिणग्या उडतात, आणि त्या उष्णतेला सिलिकॉन कार्बाइडची पोलादाशी रासायनिक क्रिया होऊन कण वाया जातो. हातानं दगडावर घासताना पातं कोमटसुद्धा होत नाही. तेव्हा चाकाचा हा नियम विळीला लावायचं कारण नाही. तो ऐकून चांगला काळा दगड अडगळीत टाकणारे मात्र बरेच आहेत.

ओळखताना नुसत्या रंगावर विसंबू नये, रंग मिसळताही येतो. खोक्यावर किंवा दगडावर अक्षर असेल तर ते बघावं: सी किंवा जीसी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ए किंवा डब्ल्यूए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. अक्षर नसेल तर दगड उन्हात तिरका धरा. कार्बोरंडमची भरड बाजू बारीक काच सांडल्यासारखी चमचमते. तपकिरी कुरुंद त्यामानानं मंद दिसतो.

मग प्रश्न तेलाचा की पाण्याचा. हे कणावर ठरत नाही, दगडाच्या छिद्रांवर ठरतं. दुकानातच पाण्याचा एक थेंब दगडावर सोडा. थोड्या वेळात जिरला तर पाणी वापरा. मोत्यासारखा वर बसून राहिला तर दगडात कारखान्यातच तेल भरलेलं असण्याची शक्यता जास्त, त्याला तेलच. पाण्याच्या दगडाला एकदा तेल पाजलं की पुढं पाणी आत शिरत नाही. तेल घ्यायचं ते शिलाई मशीनचं. शेंगतेल वाळून चिकट होतं, कीस छिद्रात बसतो आणि दगड काचेसारखा गुळगुळीत होतो. खोबरेल तर बेळगावच्या थंडीत गोठतंच.

कण किती बारीक ते सांगणाऱ्या आकड्यांनीही फसायला होतं. काळ्या दगडाची भरड बाजू साधारण १२० आणि बारीक २४० च्या आसपास असते. पण युरोपीय मापात १००० नंबरचा कण ४ ते ५ मायक्रॉनचा, तर जपानी मापात तोच १००० म्हणजे ११ ते १२ मायक्रॉन. म्हणून नुसता आकडा बघून दोन कंपन्यांच्या दगडांची तुलना करू नये.

एकच दगड घ्यायचा तर काळाच, ८ इंच लांब आणि २ इंच रुंद. दुसरा घेता आला तर पाण्याचा कुरुंद, जपानी मापानं १०००. काळा दगड पाण्याचा असेल तर पाण्यात टाका, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पाच-दहा मिनिटं लागतात. पातळ, घट्ट बांधणीच्या काही दगडांना मात्र भिजवायचं नसतं, वर पाणी शिंपडलं की पुरे. खाली ओलं फडकं घाला, म्हणजे दगड सरकणार नाही.

कोन मोजायला सोपी युक्ती आहे. सुरीचं पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल आणि २० अंश हवे असतील, तर पात्याचा कणा, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, दगडापासून १४ मिलिमीटर वर हवा. म्हणजे साधारण करंगळीची जाडी. एका बाजूनं घासत राहा. मग दुसऱ्या बाजूवर अंगठा कण्याकडून धारेकडं आणि धारेच्या बाहेर सरकवा. धारेवरून आडवा कधीच फिरवू नका. बारीक खरखर लागली तर ती बर, म्हणजे धारेवरून पलीकडं वळलेला पोलादाचा पापुद्रा. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडं बर लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेक सुऱ्या इथंच बिघडतात: मधोमध बर आलेली असते, टोकाला नसते, आणि टोक बोथट राहतं. दोन्ही बाजू झाल्यावर कुरुंदावर या, दाब कमी करत न्या, आणि शेवटचे दहा-बारा हात आलटून पालटून, सुरीच्या वजनापुरत्या जोरानं. स्टेनलेसची बर चिवट असते. इथं घाई केली तर धार पहिल्या दोन टोमॅटोंपुरती चालते, मग पापुद्रा वाकून बसतो.

विळीचं पातं पाटाला पक्कं असतं, म्हणून तिथं दगड हातात घेऊन पात्यावर फिरवावा. उसाच्या कोयत्याला आणि खुरप्याला काळा दगड पुरे, कोन २५ ते ३० अंश. बारीक २४० नंतर थांबा. त्या धारेचे सूक्ष्म दात चिवट उसात पकड घेतात; आरशासारखी घोटलेली धार त्यावरून घसरते. आतल्या वळणाला सपाट दगड बसत नाही, त्यासाठी नावेच्या आकाराचा दगड मिळतो. उलट, अथणीकडं कोल्हापुरी चपला करणाऱ्यांच्या रांपीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, बारीक कुरुंद हवा आणि त्यावर चामड्याच्या पट्टीचे हात. काळ्या दगडाचे ओरखडे राहिले तर चामडं कापताना कड फाटते.

दगड मधे खोलगट झाला की कोन आपोआप बदलतो. पेन्सिलीनं दगडावर चौकटी आखा, जाड काचेवर १२० नंबरचा काळा पॉलिश पेपर ठेवून पाणी घालून घासा; सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. तो पेपरही सिलिकॉन कार्बाइडचाच.

कोरड्या चाकावर धार लावून घेताना धारेपाशी निळसर झाक आली, तर तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, असं समजा. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय कुठलाही दगड धार टिकवणार नाही. खानापूरकडच्या भातकापणीच्या दातेरी विळ्यावर मात्र यातला कुठलाच दगड दातांच्या बाजूनं लावू नये. दात तिकोनी कानशीनं काढावेत, आणि सपाट बाजूवर काळा दगड दोन-तीनदा हलकाच फिरवावा, बर निघण्यापुरता.