दहा बाय बाराची खोली आणि पन्नासची लेन्स

साक्षगंध घरातच असतं, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत. एका भिंतीला मुलगा-मुलगी आणि दोन्हीकडचे आईवडील, समोरच्या भिंतीला पाठ टेकून फोटो काढणारा. मध्ये उरतात जेमतेम तीन मीटर. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची प्राइम लेन्स असेल, तर एवढ्या अंतरावरून चौकटीत फक्त १.४ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. म्हणजे खांद्याला खांदा लावून तीन माणसं. मागे सरकायला जागा नाही, आणि प्राइमला झूम नसतो.

तरीही पहिली प्राइम म्हणून नव्या माणसाला हमखास ५० मिमीच सुचवली जाते. ती स्वस्त आहे, हलकी आहे आणि फोटोही उत्तम देते. त्यात खोटं काही नाही. पण हा सल्ला फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला आहे. तिथे फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमीची होती आणि तिच्यावर ५०ची लेन्स ना फार रुंद, ना फार अरुंद. निकॉनच्या डीएक्स (क्रॉप सेन्सरच्या) कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा असतो, सोनी आणि फुजीचाही जवळपास तेवढाच. कॅननचा आणखी लहान, २२.३ बाय १४.९. लेन्स तीच प्रतिमा आत टाकते, पण लहान सेन्सर तिचा मधला तुकडाच उचलतो. ‘क्रॉपवर ५०ची ७५ होते’ असं म्हणतात ते या अर्थाने. लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा) कुठेच बदलत नाही, बदलते ती दिसणाऱ्या दृश्याची रुंदी. चेहऱ्याचं नाक मोठं दिसणं किंवा मागचं झाड जवळ वाटणं हे तर लेन्सवर नाही, तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरतं.

म्हणून लेन्स निवडताना मिलिमीटरपेक्षा आधी जागा मोजावी. हिशेब सोपा आहे: उभं राहण्याचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंग्थ. तीन मीटरवरून ३५ मिमीची लेन्स डीएक्स सेन्सरवर दोन मीटर रुंदी दाखवते, २४ मिमीची जवळजवळ तीन मीटर. म्हणजे साक्षगंधाची ती सहा माणसं २४मध्ये आरामात बसतात, ३५मध्ये थोडं तिरपं बसवून, आणि ५०मध्ये नाहीच. हाच हिशेब उलटा फिरवला की अंतर मिळतं. पोळ्याला तोरणाखाली सजवून उभी केलेली बैलजोडी झुलीसकट घ्यायची आणि दृश्य तीन मीटर रुंद हवं, तर ३५ला साडेचार मीटर मागे जावं लागतं, ५०ला जवळपास साडेसहा. झडत्या (पोळ्यात म्हणायची कवनं) सुरू झाल्या की त्या साडेसहा मीटरमध्ये अर्धं गाव उभं असतं. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणाऱ्या पोरांसमोर गुडघ्यावर बसून दीड मीटरवरून काढायचं असेल, तर ३५मध्ये एक मीटर रुंदी मिळते. पोरगं आणि नंदी दोघेही नीट मावतात.

त्यामुळे खेड्यातल्या घरांत, छपरीत, मांडवात काम करणाऱ्याची पहिली प्राइम ३५ मिमी असावी, हे आमचं स्पष्ट मत. निकॉनच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी आहे: वजन २०० ग्रॅम, ३० सेंमीपर्यंत जवळ फोकस होते. सोनीच्या ए६००० मालिकेवर ई ३५ मिमी एफ/१.८ ओएसएस. कॅननच्या डीएसएलआरवाल्यांची मात्र थोडी अडचण आहे. त्यांच्याकडे स्वस्त ३५ एफ/१.८ नाही. तिथे दोन रस्ते: ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम, जी सव्वाशे ग्रॅमची आणि बिस्किटाएवढी चपटी आहे, किंवा ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. खोलीतलं काम जास्त असेल तर २४ घ्या, पण ती १.८च्या तुलनेत अडीचपट कमी प्रकाश आत घेते हे लक्षात ठेवा (एफचा आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी). कॅननचा आर५० किंवा आर१०सारखा मिररलेस (आरसा नसलेला) असेल तर आरएफ २८ मिमी एफ/२.८ पाहावी, निकॉनच्या झेड५०वर डीएक्स २४ मिमी एफ/१.७. ताडोब्याच्या जिप्सीत यातली एकही कामाची नाही, तिथे लांब झूमच लागतो.

पैसे टाकण्याआधी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स वापरून खात्री करता येते. झूमची कडी ३५वर आणा, कागदी चिकटपट्टीने तिथेच पक्की करा आणि एक अख्खा कार्यक्रम तशीच वापरा. दुसऱ्या कार्यक्रमाला ५०वर. कुठे भिंत आडवी आली आणि कुठे माणूस चौकटीत बारका राहिला, ते आपोआप कळतं. जुन्या फोटोंच्या माहितीत फोकल लेंग्थ नोंदलेली असते, तीही चाळून पाहा.

प्राइमचा खरा फायदा अंधारात. एफ/१.८ म्हणजे फोकल लेंग्थला १.८ने भागलं की येईल तेवढा प्रकाशाच्या वाटेचा (अ‍ॅपर्चरचा) व्यास: ५०च्या लेन्समध्ये सुमारे २८ मिमी. किट लेन्स ५५वर एफ/५.६ असते, म्हणजे १० मिमीच्याही आत. क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणून एफ/५.६ ऐवजी एफ/१.८वर जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. मंडपात किट लेन्सवर शटर १/३० सेकंद उघडं आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागत असेल, तर एफ/१.८वर १/१२५ सेकंद ठेवूनही आयएसओ ३२००च्या आत काम होतं. ५०ची लेन्स कामाला येते ती इथे: सहा मीटरवरून ती २.८ मीटर रुंदी दाखवते, दोन पात्रांचा संवाद पकडायला बरोबर तेवढी.

मंडपातल्या एलईडी दिव्यांकडे मात्र लक्ष हवं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/२५० सेकंदाच्या फोटोत काळसर पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, दुसरा मळका निघतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण चढउतार येतो आणि पट्टे जातात. जनरेटरवर वारंवारता हलते, म्हणून आधी दोन-चार फोटो काढून पाहा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर सेटिंग असेल तर चालू करा. दंडारीच्या उड्या १/१००वर हलतात, त्याला इलाज नाही. नाचणारा उडीच्या टोकाला क्षणभर थबकतो तेव्हा बटण दाबावं.

आता बिघडतं कुठे ते. ५० मिमी, एफ/१.८, अंतर दोन मीटर: या मापात फोकसमध्ये राहणारी जाडी सुमारे ११-१२ सेंमी. नवरीची नथ टोकदार आणि कानातले धूसर. फोकस धरून मग कॅमेरा वळवला की तेवढ्यात डोळा निसटतो. एकच फोकस बिंदू निवडा, जवळच्या डोळ्यावर ठेवा, तिथूनच काढा. दोन रांगांचा समूह असेल तर ३५ची लेन्स तीन मीटरवरून एफ/१.८ला अर्धा मीटर जाडी देते, एफ/४ला सव्वा मीटरच्या आसपास. समूहाला एफ/४च ठेवा.

दुसरी चूक दुपारच्या उन्हातली. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे जे ऊन असतं त्यात आयएसओ १००ला एफ/१.८ साठी शटर १/८००० सेकंदाच्या आसपास लागतं. सुरुवातीच्या श्रेणीतले कॅमेरे १/४०००वर थांबतात, आणि पांढरा सदरा नुसता कोरा कागद होतो. अशा उन्हात एफ/२.८च्या खाली उतरू नका. उतरायचंच असेल तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. फुटलेल्या कापसाच्या बोंडांवर आणखी एक दोष उघडा पडतो: पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला निळ्या आणि लाल किरणांचा फोकस एका जागी येत नाही, म्हणून पांढऱ्या कडांना जांभळी झालर दिसते. एफ/४ला ती बरीचशी जाते.

कपाशीतली गुलाबी बोंडअळी किंवा संत्र्यावरची काळी माशी दाखवायला फोटो हवे असतील, तर साधी प्राइम अपुरी पडते. निकॉनची ३५ सगळ्यात जवळ गेल्यावरही १५ सेंमी रुंदीचं दृश्य दाखवते. त्यात सेंटिमीटरभर अळी म्हणजे फोटोचा पंधरावा भाग. अशा कामासाठी निकॉनची डीएक्स मायक्रो ४० मिमी एफ/२.८जी घ्यावी, ती वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उतरवते. पिकांचे फोटो हाच मुख्य उद्देश असेल तर ३५ऐवजी थेट हीच घ्या. खोलीतही ती बऱ्यापैकी चालते.

लेन्सचे शत्रू इथे दोन: वैशाखातली उष्णता आणि पावसाळ्यातली ओल. दुचाकीच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत लेन्स ठेवली की आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरतं, आणि पाती चिकटतात. पावसाळ्यात बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. डांबरगोळ्या टाकू नका, त्या ओल शोषत नाहीत. काचेवरची धूळ रबरी ब्लोअरने आधी उडवा. दुपट्ट्याच्या टोकाने पुसलं की धुळीतला वाळूचा कण थेट काचेवर ओरखडा काढतो.

जुनी लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी नाव नीट वाचावं. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. एएफ ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळते, पण या कॅमेऱ्यांवर तिचा फोकस हातानेच फिरवावा लागतो. नावात एएफ-एस हवंच. कॅननची पांढऱ्या चौकोनी खुणेची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, लाल ठिपक्याची ईएफ दोन्हींवर बसते. मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, पात्यांवर चमकणारा डाग म्हणजे तेल. मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून, कॅमेरा त्याच्या अगदी समोर स्टँडवर लावून, एफ/१.८ला दोन फोटो काढा, एक व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून) फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर पाहून). लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि दुसरा धूसर असेल, तर कॅमेरा-लेन्सची फोकसची मापं जुळत नाहीत, आणि सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरमध्ये ती जुळवायची सोय नसते. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. दोन्ही फोटोंत कागदाची एकच बाजू अस्पष्ट असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे. अशी लेन्स कितीही कमी किमतीत मिळाली तरी परत करा.